परातीवरचे ३६० अंश

आईच्या स्वयंपाकघरातली मोठी परात गेल्या पावसाळ्यात माझ्या शेडमध्ये आली आणि मग इथंच राहिली. आता ती खिळ्याला टांगलेली असते. मधोमध भोक, कडेनं चिकटवलेला कागद आणि कागदावर ० ते ३६० रेघा. परातच का? कारण ती ४० सेंटिमीटर रुंद आहे. परीघ सव्वा मीटर, म्हणजे एका अंशाच्या वाट्याला साडेतीन मिलिमीटर जागा येते. हीच रेघाटी जुन्या सीडीवर चिकटवली असती तर एक अंश जेमतेम एक मिलिमीटरचा झाला असता, आणि अर्धा अंश डोळ्याला दिसलाच नसता.

या परातीला मोटारींच्या दुनियेत डिग्री व्हील म्हणतात. इंजिनात कॅमशाफ्ट बसवल्यावर तो कागदावर सांगितलेल्या जागीच बसलाय का, हे अंशात मोजून बघायचं आणि नसेल तर तिथं आणायचा, या कामाला 'कॅम डिग्री करणं' म्हणतात. आमच्या मुरुम-उमरग्याच्या बाजूला टायमिंगची रीत एकच: टिंबाला टिंब. क्रँकच्या पुलीवर एक टिंब, कॅमच्या पुलीवर एक टिंब, दोन्ही खुणेला आणली, पट्टा चढवला, मोकळे. रोजच्या गाडीला तेवढं पुरतं. पण इंजिनातून जास्तीचा दम काढायचा असेल तर टिंबावर विसंबून चालत नाही. टिंब कारखान्यानं मारलेलं असतं, आणि त्यानंतर त्या इंजिनावर काय काय गुदरलंय हे टिंबाला ठाऊक नसतं.

एकाला दोन

आधी पाया. फोरस्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्ट दोन फेरे मारतो तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या बरोबर दुप्पट दाते असतात. बहुतेक गाड्यांचं झाकण उघडून मोजलं तर हाच हिशोब निघेल.

इंजिन ६००० आरपीएमला असेल तर कॅम ३००० फेरे मारत असतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. माझ्या शेडमध्ये जे इंजिन होतं ते मित्राच्या जिप्सीचं, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं. तिथं सेकंदाला ८०० वेळा कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडतो. आणि हे सगळं एका लोखंडी दांड्यावरच्या अंड्याच्या आकाराच्या उंचवट्यांच्या भरवशावर.

टॅपेट आधी मागावर, मग मोटारीत

माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट ही आहे. आमच्या शेजारी एक मामा राहतात. सख्खे नव्हेत, सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं. उभी हयात सोलापूरला मागावर काढली, जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो लावून देणारा माणूस. मी परात क्रँकला बोल्टनं आवळत होतो, तेव्हा ते दारात उभे राहून बघत होते.

"हे काय रं, टायमिंग बघायलास का?"

"हो मामा. कॅमचं."

"आमच्या मागाला बी असंच बघत होतो की. खालच्या शाफ्टला टॅपेट अस्तंय. क्रँक दोनदा फिरली की ते एकदा फिरतंय."

मी पाना खाली ठेवला. मामा म्हणत होते ते शब्दशः खरं आहे. साध्या यंत्रमागात वरचा क्रँकशाफ्ट एक फेरा घेतो तेव्हा फणी एकदा ठोकते. धोटा एका फेऱ्यात डावीकडून उजवीकडे जातो आणि पुढच्या फेऱ्यात उजवीकडून डावीकडे येतो. म्हणजे धोटा मारणाऱ्या कॅमचा एक पूर्ण फेरा व्हायला क्रँकचे दोन फेरे लागतात. म्हणून मागाचा खालचा शाफ्ट वरच्याच्या निम्म्या वेगानं फिरतो, अगदी मोटारीसारखा. ताणा वर-खाली करणाऱ्या कॅमला विणकामात टॅपेट हेच नाव आहे. धोटा कधी सुटायचा, ताण्यातली फट कधी उघडायची, हे सगळं क्रँकच्या अंशांत मांडतात. धोटा फार उशिरा सुटला तर तो फट मिटायच्या आत पलीकडे पोहोचत नाही, अडकतो आणि धागे तोडतो.

सोलापुरात 'जुनी मिल' ही कापड गिरणी उभी राहिली १८७७ मध्ये. मोटार तेव्हा जन्मायची होती. टॅपेट, क्रँक, एकाला दोन फेरे आणि अंशांत मोजलेली वेळ हे सगळं सोलापूरच्या कामगारांच्या हाताला मोटारीच्या आधीपासून ठाऊक होतं. चादरीच्या गावाची ही ओळख फारशी कुणी सांगत नाही, म्हणून मी इथं मुद्दाम रेंगाळलो.

आणि आता तर कॅमशाफ्टच सोलापूरचा

मुरुमपासून शंभर किलोमीटरच्या आत, सोलापूरच्या एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी आहे. १९९२ मध्ये स्थापन झाली, २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी इथल्या कारखान्यांतून निघालेले कॅमशाफ्ट जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुती सुझुकी, टाटा अशा कंपन्यांच्या इंजिनांत गेले. परदेशातल्या एखाद्या मोटारीच्या पोटात सोलापूरचा कॅम फिरत असेल, ही कल्पनासुद्धा आमच्याकडच्या पोरांना नसते.

चिल्ड कास्टिंगचा कॅम कसा घडतो तेही बघण्यासारखं आहे. कॅमच्या नाकाला, म्हणजे त्या अंड्याच्या टोकाला, दगडासारखा कडकपणा हवा, कारण टॅपेट (मोटारीत हे नाव कॅमवर टेकून व्हॉल्व्ह हलवणाऱ्या तुकड्याचं) त्याच्यावर जिथं टेकतो ती जागा रेघेएवढी बारीक असते आणि स्प्रिंगचा सगळा जोर तिथंच येतो. पण अख्खा दांडा तेवढा कडक केला तर तो काचेसारखा मोडेल. मग करतात काय? वाळूच्या साच्यात नेमक्या नाकाच्या जागी धातूचे तुकडे बसवतात. ओतलेलं बीड तिथं झटकन गार होतं आणि पांढरं, अतिशय कठीण बनतं. बाकीचा दांडा वाळूत सावकाश गार होतो, राखाडी राहतो, लेथवर कापता येतो. एकाच ओतीव तुकड्यात दोन स्वभाव, आणि ते फक्त गार व्हायच्या वेगावर ठरतात.

सोलापूरचा आणखी एक धागा. भारतात मोटारींचा कारखाना काढायला झटलेले वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरात जन्मले. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढं मुंबईची टॅक्सी झालेली पद्मिनी निघाली. १०८९ सीसी, कॅम खाली ब्लॉकमध्ये, वरचे व्हॉल्व्ह हलवायला पुशरॉड. कित्येक मेकॅनिकांचा हात टॅपेट सेटिंगवर बसला तो याच गाडीमुळं.

काढून घेतल्यावर वाढतं

जिप्सीचा कॅम मित्रानं पुण्याहून ग्राइंड करून आणला होता, जास्त लिफ्टचा. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती खोल उघडतो ते. आता कोडं बघा. लिफ्ट वाढवायला कॅमवर धातू चढवावा लागेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात धातू काढतात. नाकाच्या मागची गोल बाजू, जिच्यावर टॅपेट विसावतो, ती घासून लहान करतात. गोल बाजू खाली गेली की नाक आपोआप उंच ठरतं. व्हॉल्व्हला फरक कळतो तो फक्त त्या दोन उंचींमधला.

सोबत एका चिठ्ठीवर आकडा आला होता: १०८. म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून खाली निघाल्यावर क्रँक १०८ अंश फिरली की इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असायला हवा. चिठ्ठीच्या शब्दाला इंजिन बांधील नसतं. म्हणून परात.

मोटार बंद, पाणी चालू

इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन खाली पोहोचल्यावर लगेच मिटत नाही. पिस्टन वर निघाला तरी तो बराच वेळ उघडा असतो. पुस्तकात हे वाचलं की पोरं गोंधळतात: पिस्टन वर ढकलतोय आणि दार उघडं?

शेतात विहिरीवरची मोटार बंद करून बघा. बटण दाबलं तरी पाटाला पाणी येतच राहतं, कारण वाहत्या पाण्याला वेग असतो. इनलेटच्या नळीतल्या हवेचंही तसंच. वेगात असलेली हवा पिस्टन वर निघाल्यावरही आत घुसत राहते, आणि तिच्यासाठी दार उघडं ठेवायचं असतं. इंजिन जितकं जोरात फिरणार तितकं दार जास्त वेळ उघडं ठेवलेलं परवडतं. हळू फिरणाऱ्या इंजिनात मात्र हवेला तो वेगच नसतो. तिथं दार उशिरा मिटलं तर आत आलेली हवा उलट बाहेर ढकलली जाते.

कॅम पुढं-मागं करण्याचं सगळं मर्म एवढंच आहे. कॅम थोडा पुढं म्हणजे अॅडव्हान्स केला की इनलेट लवकर मिटतो, खालच्या आरपीएमला दम येतो, चढाला गाडी ओढते. मागं म्हणजे रिटार्ड केला की खालचा दम थोडा जातो आणि वरच्या आरपीएमला इंजिन खुलतं. चार अंशांचा फरक चालवणाऱ्याच्या पायाला कळतो.

आणि तो 'डबडब-डबडब' असा अडखळता आवाज, ज्याच्यामागं पोरं वेडी असतात? पिस्टन वरच्या टोकाला असताना थोडा वेळ इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही उघडे राहतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. वेगात बाहेर जाणारा धूर नव्या हवेला आपल्यामागं ओढतो, तेव्हा तो उपयोगाचा. इंजिन मंद असताना मात्र जळालेला वायू इनलेटमध्ये मागं येतो, नवी हवा नासते, एखादा ठोका हुकतो आणि इंजिन तसं बोलतं. रेसच्या कॅमचा ओव्हरलॅप मोठा, ट्रॅक्टरचा लहान.

वरचं टोक सापडत नाही

डिग्री करायचं पहिलं काम: पहिल्या सिलिंडरचा पिस्टन नेमका टॉपला कधी येतो ते शोधणं. सोपं वाटतं. प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन टॉपला आणणारे शेकड्यांनी भेटतात. पण टॉपच्या आसपास पिस्टन जवळपास थांबलेलाच असतो. या जिप्सीचा स्ट्रोक ७५.५ मिमी. क्रँक टॉपपासून २ अंश सरकली तरी पिस्टन खाली येतो फक्त ०.०३ मिमी. डोक्याचा केस याहून जाड असतो. स्क्रूड्रायव्हरला हा फरक कुठून कळणार? आणि सुरुवातच २ अंश चुकली तर पुढची सगळी मापं २ अंश चुकतात.

उपाय इतका सुंदर आहे की मला तो शिकवायला फार आवडतो. पिस्टनला टॉपपर्यंत जाऊच द्यायचं नाही. जुन्या प्लगची चिनी माती फोडून काढायची, त्यात बोल्ट वेल्ड करायचा आणि तो प्लगच्या जागी आवळायचा. आता पिस्टन वाटेतच बोल्टला टेकतो. बाकीचे प्लग काढून ठेवायचे, स्टार्टरला हात लावायचा नाही, पान्यानं हळूच क्रँक फिरवायची. टेकली की परातीवरचा आकडा लिहायचा. मग उलट्या बाजूनं फिरवून दुसऱ्या अंगानं टेकवायची, तोही आकडा लिहायचा. खरा टॉप या दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये. आमच्याकडं एका बाजूला ३८ आले, दुसऱ्या बाजूला ४६. काट्यासाठी सायकलचा स्पोक वाकवून ब्लॉकला बांधला होता, तो सरकवून दोन्हीकडं ४२ केले. जिथं पिस्टन हलत नाही तिथं मोजायचंच नाही, जिथं तो जोरात हलतो तिथं मोजायचं.

मामा तोवर खुर्ची ओढून बसले होते.

डायल, आणि उलटं न फिरवण्याचा नेम

इनलेटचंही तसंच. व्हॉल्व्ह सर्वांत जास्त उघडा असतो तो क्षण नेमका पकडता येत नाही, कारण कॅमचं नाक गोल असतं आणि व्हॉल्व्हची हालचाल मोजणाऱ्या डायल गेजचा काटा तिथं रेंगाळतो. म्हणून सर्वांत उंच जागी डायल शून्य करायची आणि तिच्या दोन्ही अंगांना तेवढीच उतरण झाली की परातीवरचे आकडे घ्यायचे. नेहमीचं माप ५० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे १.२७ मिमी. जपानी कॅमच्या कागदांवर बऱ्याचदा १ मिमीचं माप दिसतं. दोन कॅमची तुलना करताना हे आधी बघायचं, नाहीतर अख्खी चर्चा फुकट.

एक नेम कडक पाळायचा: मापताना इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं फिरवायचं. आकडा हुकला तर नुसतं मागं आणायचं नाही. पाव फेरा मागं जायचं आणि पुन्हा पुढं यायचं. उलट फिरवलं की पट्ट्याची किंवा चेनची ढिली बाजू बदलते आणि आकडा खोटा पडतो.

आमचे आकडे आले ६६ आणि १५८. बेरीज २२४, निम्मे ११२. चिठ्ठीत १०८. म्हणजे कॅम ४ अंश उशिरा, आणि दोन्ही टिंबं मात्र काटेकोर समोरासमोर!

"टिंब बरोबर, टायम चूक," मामा म्हणाले. "आमच्यात बी व्हायचं. गिअर झिजलं की."

कारणं शोधली. ग्राइंडिंगमध्ये नाक थोडं इकडं-तिकडं होऊ शकतं. दुसरं कारण मेकॅनिकसुद्धा विसरतात. या इंजिनाचं हेड पूर्वी तापून वाकलं होतं आणि त्याला फेसिंग मारलं होतं. हेड खरवडलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो, पट्ट्याची ओढणारी बाजू तेवढी लांब पडते आणि कॅम मागं राहतो. ४० दात्यांची, ८ मिमी अंतराच्या दात्यांची पुली धरली तर तिचा परीघ ३२० मिमी. अर्धा मिमी खरवडला तर क्रँकवर एक अंशाहून जास्त उशीर होतो. डोळ्याला मात्र टिंबं तशीच समोरासमोर दिसतात.

मग एक दाता सरकवावा का? तसल्या पुलीवर एक दाता म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. चार अंशांच्या दुखण्याला अठरा अंशांचं औषध! यासाठी दोन भागांची पुली मिळते: बाहेर दात्यांचं कडं, आत बॉस, मध्ये लांबट भोकांत बोल्ट. बोल्ट सैल करून आतला भाग थोडा फिरवायचा आणि पुन्हा आवळायचा. विकत घेताना विचारायचं की तिच्यावरच्या रेघा कॅमच्या अंशांच्या आहेत की क्रँकच्या. कॅमवर २ म्हणजे क्रँकवर ४. हा गोंधळ भल्याभल्यांचा होतो.

पोरांची क्ले

जास्त लिफ्टचा कॅम बसवला की उघडा व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनच्या जवळ जातो. किती जवळ? बंद इंजिनाच्या आत बघणार कसं? त्यासाठी लहान पोरांच्या दप्तरातली रंगीत क्ले लागते. हेड उघडं असताना पिस्टनच्या माथ्यावर क्ले थापायची, वर तेलाचा हात फिरवायचा, हेड आवळायचं, टायमिंग लावायचं आणि हातानं दोन फेरे. हेड उचललं की क्लेवर व्हॉल्व्हचा ठसा उमटलेला असतो. ब्लेडनं कापून सर्वांत पातळ जागा मोजायची. इनलेटला साधारण २ मिमी आणि एक्झॉस्टला अडीच मिमी जागा राहायला हवी, हा जुना नेम. एक्झॉस्टला जास्त, कारण तो तापतो, लांबतो आणि पिस्टन त्याच्या मागं लागलेला असतो. आमच्या ठशात जागा भरपूर निघाली. भाचीची हिरवी क्ले मात्र कायमची काळी झाली. नवी डबी आणून दिली.

धावतं-पळतं

आरएक्स १०० या मोटरसायकलला कॅमशाफ्टच नाही. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन स्वतःच भिंतीतली दारं उघडतो आणि मिटतो.

महिंद्रानं बांधलेल्या जुन्या विलीज जीपच्या हरिकेन इंजिनात इनलेट वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. एकच कॅम एकाला पुशरॉडनं ढकलतो, दुसऱ्याला थेट.

जुन्या बुलेटला इनलेटचा कॅम वेगळा आणि एक्झॉस्टचा वेगळा, दोन्ही गिअरवर.

दोन ओव्हरहेड कॅम आणि चार व्हॉल्व्ह हे नवं तंत्र वाटतं ना? प्यूजोनं १९१२ च्या फ्रेंच ग्रां प्रीत ते धाववलं आणि शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी इंडियानापोलिसची ५०० मैलांचीही.

डुकाटी व्हॉल्व्ह मिटायलासुद्धा कॅमच वापरते. फाबिओ तालिओनी यांनी १९५६ मध्ये १२५ सीसीच्या रेस गाडीला ती रचना दिली. त्याच्या दोन वर्षं आधी मर्सिडीजनं तेच ग्रां प्रीच्या गाडीत केलं होतं.

फॉर्म्युला वनमध्ये रेनॉनं १९८६ मध्ये व्हॉल्व्हची स्टीलची स्प्रिंगच काढून टाकली आणि तिच्या जागी दाबलेला वायू आणला.

अमेरिकेत झोरा आर्कस-डंटोव्ह या इंजिनिअरच्या नावाचा कॅमच आहे. १९५६ च्या जानेवारीत डेटोनाच्या वाळूवर त्यानं कॉर्व्हेट ताशी १५० मैलांच्या वर नेली, त्याच कॅमच्या जोरावर. लोक इंजिनिअरच्या नावानं पूल ओळखतात, इथं कॅम ओळखतात.

एका दांड्यावर दोन स्वभाव हवेत म्हणून होंडानं १९८९ मध्ये व्हीटेक आणलं: खालच्या वेगाला एक उंचवटा, वरच्या वेगाला दुसरा. २००० च्या आसपासची आपल्याकडची सिटी व्हीटेक तरुण पोरं अजून शोधत फिरतात, ती याचमुळं.

आणि शिंप्याकडं जाल तेव्हा शिलाई मशीनचं धागा ओढणारं बोट बघा. अनेक मशीनमध्ये तेही कॅमवरच नाचतं.

पहिली वीस मिनिटं

जिप्सीसारख्या वर कॅम असलेल्या इंजिनाला ही धास्ती कमी, पण पद्मिनीसारख्या खाली कॅम आणि सपाट टॅपेटवाल्या इंजिनाची गोष्ट वेगळी. नवा कॅम पहिल्या वीस मिनिटांतच जगतो किंवा मरतो. तो सपाट टॅपेट मुळात सपाट नसतोच. त्याला दिसणार नाही इतका फुगवटा असतो आणि कॅमला तेवढाच बारीक उतार, म्हणून टॅपेट प्रत्येक ठोक्याला थोडा स्वतःभोवती फिरतो आणि एकाच जागी घासला जात नाही. फिरला नाही तर नाक खाऊन टाकतो.

म्हणून कॅमला मॉलिब्डेनमचं काळं वंगण माखायचं, इग्निशन आणि कार्बुरेटर आधीच तयार ठेवायचा आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू करायचं. स्टार्टर मारत बसायचं नाही. सुरू झालं की लगेच २००० ते २५०० आरपीएमवर धरायचं, वीस-तीस मिनिटं. स्लोवर अजिबात सोडायचं नाही. मंद इंजिनात क्रँक कॅमवर पुरेसं तेल उडवत नाही. नव्या इंजिनाला आधी स्लोवर निवांत चालू द्यावं असं वाटणारे खूप आहेत. मीही विद्यार्थी असताना तसं केलं होतं. एका नव्या कोऱ्या कॅमचं एक नाक आठवड्यात गोल झालं. तेलातली जस्त-फॉस्फरसची मात्राही इथं जपावी लागते. सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनाला नवं तेल घालताना डब्यावरचं वाचायचं.

दुसरं टिंब

जिप्सीला बसवलेल्या तसल्या दोन भागांच्या पुलीचे बोल्ट सैल करून कॅम २ अंश पुढं घेतला, आवळला, क्रँक चालत्या दिशेनं दोन फेरे फिरवली आणि पुन्हा डायल लावली. ६२. मग १५४. निम्मे १०८.

"परत एकदा बघ," मामा म्हणाले. पुन्हा तेच. "अजून एकदा." तिसऱ्यांदाही ६२ आणि १५४. मागावर तीनदा बघितल्याशिवाय जॉबर उठत नसे, असं ते म्हणाले.

मग त्यांनी पांढऱ्या रंगाची बाटली मागितली. खिशातली काडी तिच्यात बुडवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुलीवर खुणेसमोर एक नवं टिंब दिलं. जुनं पुसलं नाही. दोघांमध्ये पावणेदोन मिलिमीटर अंतर आहे, मी मोजलं.